खाण तशी माती, माती तसा रंग!

रंग बदलण्याबद्दल सरड्याला उगाच बदनाम केलंय. खरा रंगबदलू म्हणजे हायड्रेंजिया. एकाच रोपाची फांदी दोन अंगणांत लावली, तर इथे निळा आणि तिथे गुलाबी! हा नखरेल पाहुणा कुठे रमतो, कुठे रुसतो?

उलटा लिटमस
शाळेत शिकलो, आम्लात लिटमस लाल होतो. इथे उलटं. मातीचा सामू ५.५च्या खाली असेल तर फुलं निळी, ६.५च्या वर गेला तर गुलाबी. मधल्या पट्ट्यात जांभळट. खरा रंगारी आहे अ‍ॅल्युमिनियम. आम्लधर्मी मातीत ते विरघळतं, मुळं ते शोषतात आणि फुलातलं गुलाबी रंगद्रव्य निळं होतं. पांढऱ्या जाती मात्र या भानगडीत पडत नाहीत.

खिळा नको, तुरटी हवी
निळ्या रंगासाठी कुंडीत गंजके खिळे पुरायचा सल्ला हमखास मिळतो. पण खिळ्यात लोखंड, अ‍ॅल्युमिनियम नाही. ते असतं तुरटीत! चिमूटभर तुरटी पाण्यात विरघळवून अधूनमधून द्यावी. हात सैल सोडला तर मुळं जळतात. हाडांचा चुरा किंवा सुपर फॉस्फेटही टाळावं, कारण स्फुरद अ‍ॅल्युमिनियमला बांधून ठेवतं. बोअरवेलचं जड पाणी घालत राहिलात, तर निळं रोप हळूहळू गुलाबीकडे झुकतं.

त्या पाकळ्या नाहीतच
बोगनवेल पानांना रंगवून फुलं म्हणून मिरवते. हायड्रेंजियाची तीच जातकुळी. डोळ्यांत भरतात ती निदलं. खरं फूल मध्यभागी, ठिपक्याएवढं. म्हणूनच हे गेंद आठवडेच्या आठवडे टिकतात आणि वाळल्यावरही फुलदाणीत शोभतात.

पावसाळी माहेर
माहेर जपानचं, तिथलं नाव अजिसाई. जून-जुलैच्या पावसात ते बहरतं आणि कामाकुरातल्या मेइगेत्सु-इन मंदिराबाहेर छत्र्यांची रांग लागते. रंग पालटतो म्हणून याचं लाडकं नाव आहे ‘सात रूपं’.

डॉक्टरांची ओताकी
नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर १८२३ मध्ये फिलिप फ्रांत्स फोन झीबोल्ट हा जर्मन डॉक्टर आला. जपानचे नकाशे बाळगल्यावरून १८२९ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं. पत्नी ताकी आणि मुलगी मागे राहिली. ‘ओताकी-सान’ ही हाक त्याने एका हायड्रेंजियाच्या शास्त्रीय नावात गुंफली: ओताक्सा. आज हायड्रेंजिया हे नागासाकीचं नगरपुष्प आहे.

निळं बेट
अटलांटिकमधल्या अझोर्स द्वीपसमूहात फायाल नावाचं बेट आहे. ज्वालामुखीची आम्लधर्मी माती, हवा दमट आणि सौम्य. आपल्याकडे बांधावर निवडुंग, तिथे शेताच्या कडेला हायड्रेंजिया! उन्हाळ्यात सारे बांध निळे होतात, म्हणून बेटाचं टोपणनावच ‘निळं बेट’.

बर्फातले पैलवान
मोठ्या पानांची नेहमीची जात कळ्या शरद ऋतूतच धरते, तेही जुन्या फांदीवर. कडक थंडीत त्या कळ्या करपतात. वसंतात पानं भरघोस, फुलं शून्य. शिकागो-टोरांटोकडच्या अंगणात म्हणून पॅनिक्युलाटा किंवा ‘अ‍ॅनाबेल’ लावावी. पॅनिक्युलाटा तर उणे ३० अंशांतही तग धरते. दोन्ही नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे थंडी सरता सरता खुशाल छाटा. जुन्या फांदीवाल्या जातीला तेव्हा कात्री लावली, तर वर्षाची फुलंच कापली म्हणून समजा.

मुंबईत रुसवा का?
नर्सरीतून फुललेली कुंडी आणली, पुढच्या वर्षी एकही फूल नाही. दोष तुमचा नाही. कळी धरायला मोठ्या पानांच्या जातीला काही आठवडे साधारण १८ अंशांखालचा गारवा लागतो, तो मुंबईच्या गॅलरीत कुठून येणार? उटी, दार्जिलिंगला तो फुकट मिळतो. महाबळेश्वरला गारवा आहे, जांभ्याची आम्लधर्मी मातीही आहे. फक्त धो धो पावसात पाण्याचा निचरा सांभाळायचा. देशावरच्या काळ्या मातीचा सामू चढा, त्यामुळे तिथे फुललाच तर गुलाबी.

गोड चहा, कडू इशारा
जपानात याच्या एका भाईबंदाची पानं आंबवून, वाळवून ‘अमाचा’ हा गोड काढा करतात. ८ एप्रिलला बाळबुद्धाच्या मूर्तीला त्याचा अभिषेक घालतात. पण आपल्या कुंडीतली पानं मात्र उकळू नका. ती विषारी आहेत, कुत्र्या-मांजरांनाही.

वामकुक्षी
सकाळचं कोवळं ऊन, दुपारची सावली, बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन, एवढं केलं की झालं. तरी दुपारी तो मान टाकतो, कारण मोठ्या पानांतून पाणी भराभर उडतं. लगेच झारी घेऊन धावू नका. मातीत बोट खुपसून पाहा. ओल असेल तर सूर्य कलल्यावर तो आपणहून ताठ होतो. सकाळपासून कितीही पुढेपुढे करा, पण पुण्यातल्या दुकानदारासारखं त्यालाही एक ते चार उठवायचं नाही!