रॉक मशीन ते इंडस क्रीड: एकाच बँडचे तीन आवाज

1984 मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा राहिला. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (1988) हा त्यांचा पहिला अल्बम थेट अमेरिकी हार्ड रॉकच्या वळणाचा: धारदार गिटार, टिपेचे सूर.

1993 मध्ये बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. पाठोपाठ 1995 च्या अल्बममध्ये आवाजही बदलला. गिटारच्या जोडीला भारतीय वाद्यं आणि ताल आले. बँडच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओने एमटीव्हीचा पुरस्कारही पटकावला होता.

1997 ला बँड फुटला.

2010 मध्ये गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बासवर रुशद मिस्त्री, ड्रम्सवर जय रो कवी ही ताज्या दमाची जोडी आली. 2012 च्या ‘इव्हॉल्व्ह’मध्ये गाणी लांबली, ठेका गुंतागुंतीचा झाला, बाज प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकला. मिक्सिंग केलं अमेरिकी बँड पर्ल जॅमचा ‘टेन’ अल्बम मिक्स करणाऱ्या टिम पामरने.

पनवेलकरांनो, सीएसएमटी लोकलमध्ये खिडकी मिळाली तर आधी ‘रेनेगेड’ लावा आणि लगेच ‘इव्हॉल्व्ह’. कोणतं जास्त आवडलं, कमेंटमध्ये सांगा!