म्हातारपणाची गोळी आणि पाच लाखांचे कार्ड

सरकारी आरोग्य विम्याचे कार्ड आता खेड्यापाड्यांत पोचले आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मान्य झाले. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिच्याशी जोडलेलीच आहे. मग कार्ड असूनही म्हातारी माणसे औषधांच्या दुकानात रोख पैसे का मोजतात?

उत्तर योजनेच्या घडणीतच आहे. हा विमा रुग्ण दाखल झाल्यावर सुरू होतो. दाखल असतानाची औषधे त्यात येतात; आयुष्मानच्या नियमाप्रमाणे घरी सोडल्यावर १५ दिवसांचीही येतात. सोळाव्या दिवशी काय? रक्तदाब आणि मधुमेह पंधरा दिवसांत आटोपत नाहीत. अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन या गोळ्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात. गोळ्या सुटून अर्धांगवायू झाला तर विमा दवाखान्याचे बिल भरील. तो टाळणारी रोजची गोळी मात्र विम्यात नाही. याला नियोजन कोणी म्हणावे?

पूर्णा हे रेल्वेचे गाव. येथे हा भेद उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. रेल्वेतून निवृत्त झालेला कायम कामगार एकदाच ठराविक रक्कम भरतो आणि त्याला व त्याच्या पत्नीला रेल्वेच्या दवाखान्यातून रोजची औषधेसुद्धा मिळतात. कंत्राटदाराच्या हाताखाली त्याच फलाटावर झाडू मारणाऱ्याला ते नाही. शेतमजुराला तर निवृत्तीच नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये, त्यातच मीठमिरची आणि त्यातच गोळ्या. हे कंत्राटी आणि भूमिहीन लोक बहुतांशी कोणत्या वस्तीतले, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

दुसरी वाट माहीतच नव्हती असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात अडारकरांनी कामगार आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला (१९४४), आणि १९४८ साली राज्य कर्मचारी विम्याचा कायदा झाला. त्यात दाखल न होताही औषध मिळते. अटी पूर्ण करणारा निवृत्त कामगार वर्षाला १२० रुपये भरून पत्नीसह ही सोय चालू ठेवू शकतो. परंतु शेतमजूर या कायद्याबाहेर राहिला, तो आजही बाहेरच आहे. अमेरिकेसारख्या धनिक देशातही वृद्धांच्या सरकारी विम्यात रोजची औषधे २००६ साली आली, म्हणजे विमा सुरू झाल्यावर चाळीस वर्षांनी.

तोवर हाताशी आहे ते वसूल केले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळायला हव्यात. कार्यकर्त्यांनी कार्डांची शिबिरे जरूर घ्यावीत. पण त्याच दिवशी वस्तीतील वृद्धांची यादी करून महिन्याच्या गोळ्या केंद्रात मागाव्यात, आणि ‘साठा नाही’ हे उत्तर आले तर ते लेखी घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यावे.