तुरीवरची सोनेरी माशी



पेडगावच्या शिवारात तूर फुलावर आली, की शेंगा पोखरणारी हिरवी अळी हटकून येते. हरभऱ्यावर तिलाच आपण घाटेअळी म्हणतो. ही अळी शोधताना पानावर कधी घरमाशीएवढी एक माशी दिसते. पाठीवर राखी पट्टे, पोटावर सोनेरी झाक. तिच्या कुळात नारिंगी पोटाच्याही माश्या आहेत. ‘आली आणखी एक कीड!’ म्हणून लगेच पंप उचलू नका. आधी तिला नीट पाहा.

पंख दोनच आणि पोटाच्या शेवटाकडे जाड, ताठ, काळे केस असतील, तर ती बहुधा टॅकिनिड माशी. गांधीलमाशीला पंख चार असतात, हे ध्यानात ठेवा. या कुळातल्या पुष्कळ माश्या दुसऱ्या किड्याच्या अळीवर पांढरे अंडे चिकटवतात. अंड्यातले पिल्लू अळीच्या अंगात शिरते, तिला आतून खाते आणि शेवटी तिचा जीव घेते. घाटेअळीवर जगणारी कार्सेलिया इलोटा ही याच कुळातली. तिच्यावर फवारा मारणे म्हणजे आपल्याच राखणदाराला मारणे होय.

पण तुती लावून रेशीम काढणाऱ्यांनी सावध राहावे. हिचीच एक बहीण, उझी माशी, रेशीमकिड्यावर अंडी घालते. १९८० साली ती बंगालकडून कर्नाटकात पोचली आणि तिने तिथल्या रेशीमवाल्यांचे मोठे नुकसान केले. किड्यावर काळा डाग दिसला, तर पिल्लू आत शिरले असे समजावे. संगोपनगृहाच्या दारा-खिडक्यांना बारीक जाळी हाच पहिला उपाय.

मग ओळख पटवावी कशी? मोबाईलने छायाचित्र घ्या. सकाळच्या गारव्यात माशी सुस्त असते. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांच्या फुलांवर शोधा. आपली सावली तिच्यावर पडू देऊ नका. एक चित्र वरून, एक बाजूने. सोबत तारीख, गाव आणि पीक लिहून ठेवा. ते परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांना दाखवता येईल.

गुरुजींनी वर्गात काचेच्या बरणीत दोन बोटे माती घालावी, एक घाटेअळी सोडावी, तोंडाला फडके बांधावे आणि रोज कोवळ्या शेंगा द्याव्यात. काही दिवसांनी बरणीत पतंग दिसतो की माशी, ते मुलांनाच पाहू द्या. माशी निघाली, तर आपल्या शिवारात राखणदार आहे हे मुलेच घरी सांगतील.