रोजनिशी, घरचा सर्व्हर आणि कीर्द-खतावणी

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की दैनंदिनी लिहिणं आणि घरात सर्व्हर चालवणं या दोन गोष्टी एका व्याख्यानात कशा काय? एक नाद लिहिणाऱ्यांचा, दुसरा वायरी जोडत बसणाऱ्यांचा. आमचं उत्तर सरळ आहे. घरच्या सर्व्हरवर ठेवण्याजोगी पहिली गोष्ट कोणती असेल, तर ती आपली दैनंदिनी. सिनेमे पुन्हा मिळतात, गाणी पुन्हा मिळतात. दैनंदिनी दुसरीकडे कुठंच नसते. गेली की गेली. म्हणून ती ठेवायची कशी, आणि ती कशाकशाने नाहीशी होऊ शकते, एवढंच आज बघू.

सर्व्हर या शब्दाने बिचकू नका. कपाटात पडलेला जुना लॅपटॉप काढायचा, त्यावर लिनक्स टाकायचं, राऊटरला वायरीने जोडायचा, झाला सर्व्हर. किंवा रास्पबेरी पाय घ्यायचा. २०१२ साली आलेला हा संगणक क्रेडिट कार्डाएवढ्या पाटीवर मावतो. पाच वॉट वीज खाणारं यंत्र महिनाभर अखंड चालवलं तर साडेतीन युनिटच्या आसपास बिल येतं. पंधरा वॉट खाणारा लॅपटॉप अकरा युनिटपर्यंत जातो. लॅपटॉपचा एक फायदा मात्र मोठा. त्याच्या पोटात बॅटरी असते, म्हणजे वीज गेली तरी तो चालू राहतो. पण तीच बॅटरी बारा महिने चार्जरला लावून ठेवली तर फुगू शकते. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ऐंशी टक्क्यांवर आणायची सोय असेल तर ती वापरा, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर त्या दिवशीच काढून टाका.

आता कुणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर आपल्यापेक्षा चांगले सांभाळले जातात. खरंच आहे ते. तिथे रात्रंदिवस माणसं बसलेली असतात, आपल्याकडे रविवारी दुपारी वेळ मिळतो. पण तिथलं दुकान कधी बंद करायचं हे आपण ठरवत नाही. ऑर्कुट आठवतंय ना? ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. त्यावर लिहिलेल्या गप्पा ज्यांनी वेळेत उतरवून घेतल्या नाहीत, त्यांच्या हातात आज काही नाही.

पण यंत्र कुणाचं हा प्रश्न आमच्या मते दुय्यम आहे. पहिला प्रश्न, आपण लिहितो ते कोणत्या रूपात लिहितो. आणि हा प्रश्न मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये, कारण आपण त्याचा दणका दोनदा खाल्लेला आहे.

पहिला दणका मोडीचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे रुमालच्या रुमाल पडलेले आहेत. कागद बरेचसे शाबूत आहेत, शाईही दिसते. आणि भाषा? ती तर मराठीच आहे, आपलीच! पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली, आणि आज तो कागद हातात दिला तर आपल्यातले बहुतेक जण तो नुसता बघत बसतील. वस्तू टिकली, वाचणारा राहिला नाही.

दुसरा दणका संगणकाचा, आणि तो तर आपल्या डोळ्यांदेखत बसला. नव्वदच्या दशकात मराठी टाइप करायचं म्हणजे खास फॉन्ट लागायचे. म्हणजे बघा, संगणकाच्या लेखी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची. फॉन्ट त्या जागी मराठी आकार रंगवून दाखवायचा. कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी कोणता मराठी आकार, हे प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याने आपापलं ठरवलेलं. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की समोर इंग्रजी अक्षरांचा कचरा. त्यात काही शोधता येत नाही, दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलता येत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालीच आली होती आणि तिच्यात देवनागरी होती. तरी जुन्या फॉन्टची सवय पुढे बरीच वर्षं सुटली नाही. तुमच्या घरात त्या काळातल्या फाइल असतील तर आजच त्या काढा. काही फॉन्टसाठी रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण फॉन्ट कोणता होता हे आठवणारा माणूस घरात आहे तोवर ते काम करून घ्या.

म्हणून आमचा आग्रह, दैनंदिनी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहा. युनिकोड, यूटीएफ-८, बस. ही फाइल उघडायला विशिष्ट ॲप लागत नाही. दिवसाला एक फाइल, आणि नावात तारीख, पण वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: २०२५-०३-१४ असं. असं केलं की नावांचा क्रम आणि तारखांचा क्रम आपोआप एकच होतो. आकाराची काळजी करू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. रोज दोन हजार चिन्हं लिहिली तर सहा हजार बाइट; वर्षाला दोन मेगाबाइटच्या थोडं वर. पन्नास वर्षं न चुकता लिहिलं तरी साधारण एकशे दहा मेगाबाइट. लग्नाच्या व्हिडिओचा एक तुकडा याहून मोठा असतो. सबंध आयुष्याची रोजनिशी सगळ्यात स्वस्त पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावते, मग तिच्या चार प्रती ठेवायला कंजुषी कशाला?

प्रतींकडे येतोच. त्याआधी वीज जाण्याबद्दल, कारण आपल्याकडे ती जातेच. ज्यांच्या घरात दुकानदारी झाली आहे त्यांना कीर्द आणि खतावणी माहीत असेल. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत उतरायचा, तारखेनिशी, घडला तसा. मग सवडीने तिथून खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. खतावणी लिहिताना मध्येच कुणी हाक मारली, अर्धं राहिलं, तरी बिघडत नाही. कीर्द बघून पुन्हा जुळवता येतं.

लिनक्सची डिस्क नेमकं हेच करते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी-४ या फाइल-व्यवस्थेत डिस्कवर काही बदल करायचा असला की तो आधी एका राखीव जागेत नोंदवला जातो. त्या जागेला म्हणतातच जर्नल, म्हणजे आपली कीर्द. मग प्रत्यक्ष बदल होतो. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी सुरू होताना यंत्र कीर्द वाचतं. पूर्ण नोंद असेल तर ती चढवतं, अर्धवट असेल तर सोडून देतं. ईएक्सटी-२ मध्ये ही सोय नव्हती. तेव्हा वीज गेली की सगळी डिस्क धुंडाळत बसावं लागायचं. २००१ मध्ये ईएक्सटी-३ बरोबर कीर्द आली. यात एक मेख आहे. नेहमीच्या सेटिंगमध्ये या कीर्दीत फाइल कुठे आहे, केवढी आहे, याचा हिशेब असतो, तुमचा मजकूर नसतो. म्हणजे डिस्कची व्यवस्था शाबूत राहील, पण वीज जाताना नुकतं लिहिलेलं वाक्य जाऊ शकतं. रास्पबेरी पायमध्ये एसडी कार्ड असेल तर धोका आणखी. ती कार्डं सततच्या लिहिण्याने झिजतात आणि अचानक वीज गेलेली त्यांना सोसत नाही. कार्डावर फार तर लिनक्स ठेवा, दैनंदिनी वेगळ्या एसएसडीवर.

आता प्रती. सिंकथिंगसारखा प्रोग्रॅम फोनवरची फाइल सर्व्हरवर आणि सर्व्हरवरची लॅपटॉपवर नेतो, फार छान चालतो. पण लोक त्यालाच बॅकअप समजतात. तो आरसा आहे! फोनवर चुकून फोल्डर पुसलं की तो तत्परतेने सगळीकडे पुसून ठेवणार. बॅकअप म्हणजे कालची, गेल्या महिन्याची स्थिती जशीच्या तशी परत मिळणं. ‘तीन-दोन-एक’ हा नियम त्यासाठी पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे बहिणीच्या घरी ठेवलेली डिस्क चालेल, दर दिवाळीला आणि पाडव्याला बदलायची.

आणि बॅकअप परत उतरवून बघितल्याशिवाय तो आहे असं धरू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू माहितीसाठा पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, पण वेळेला त्यातली एकही धड चाललेली नव्हती. सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत सुदैवाने हाताशी होती, म्हणून निभावलं. हे सगळं त्यांनीच जाहीरपणे लिहून ठेवलंय. त्यांची ही गत, तर आपली काय कथा! महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी जुनी तारीख उघडून वाचा. त्या निमित्ताने दैनंदिनी वाचूनही होते.

दोन शब्द बाहेरून पोचण्याबद्दल. बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच आयपी पत्ता देतात, त्यामुळे राऊटरमध्ये दार उघडूनही बाहेरून घरी पोचता येत नाही. दैनंदिनीच्या बाबतीत हे बरंच म्हणायचं. तिला उघड्या इंटरनेटवर काहीच काम नाही. प्रवासातून लिहायचंच असेल तर वायरगार्डवर चालणारी एखादी खासगी वाट करून घ्या.

इथपर्यंत ऐकून एक धोका तुमच्या लक्षात आला असेल. सर्व्हरशी खेळण्यात इतकी मजा येते, की दैनंदिनी लिहायची राहते. तीन रविवार सेटिंगमध्ये जातात आणि फाइल रिकामी. यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे सर्व्हरचीही रोजनिशी ठेवणं, आणि ती कागदाच्या वहीत, सर्व्हरच्या शेजारी. कारण सर्व्हर बंद पडल्यावर दुरुस्तीची टिपणं त्याच सर्व्हरवर असून काय उपयोग? नोंद छोटी: तारीख, काय बदललं, का बदललं, परत फिरवायचं तर कसं. लिनक्सही स्वतःच्या नोंदी ठेवतं आणि जर्नलसीटीएल या आज्ञेने त्या वाचता येतात. पण त्यात काय झालं एवढंच असतं. आपण ते का केलं, हे यंत्राला ठाऊक नसतं.

स्वतःबद्दलची नोंदही तेवढीच छोटी चालते. कारीच्या जेधे देशमुखांची शकावली बघा. शक, संवत्सर, तिथी आणि काय घडलं, बहुतेक एकेका ओळीत. लोकमान्य टिळकांनी ती प्रकाशात आणली, आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात तिच्यातली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही नोंद निर्णायक ठरली. लिहिणाऱ्याने भावना ओतल्या नव्हत्या, तारीख मात्र टाकली होती. ‘वीज दोनदा गेली. आईचं गुडघ्याचं दुखणं कमी. आंब्याची पहिली पेटी, आठशे.’ दमलेल्या दिवशी एवढं पुरे. वीस वर्षांनी त्या आठशेवरून घरात हशा पिकेल.

राहिला कुलपाचा प्रश्न. इंग्लंडमधल्या सॅम्युअल पीप्सने १६६० ते १६६९ अशी दैनंदिनी लिहिली, तीही लघुलिपीत. पुढे त्याचा ग्रंथसंग्रह केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजकडे गेला. एकोणिसाव्या शतकात जॉन स्मिथ नावाच्या विद्यार्थ्याने तीन वर्षं खपून ती लिपी उलगडली. त्या लघुलिपीचं पुस्तक त्याच ग्रंथसंग्रहात, काही फळ्यांच्या अंतरावर होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आजचं कुलूप मात्र तीन वर्षं खपून उघडत नाही, जन्मभर खपूनही नाही. लिनक्समध्ये सगळी डिस्क कुलूपबंद करता येते. पण मग वीज जाऊन आली की यंत्र पासवर्डची वाट बघत बसतं, आणि तुम्ही गावाला असता. म्हणून घरची डिस्क साधी आणि बाहेर ठेवलेली प्रत कुलूपबंद, हा मध्यम मार्ग आम्हाला पटतो. घरात चोरीची भीती असेल तर हिशेब बदलेल. काही झालं तरी पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकिटात घालून, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. आत आणखी दोन ओळी: डिस्क कुठे आहे, आणि फाइल कशी उघडायची. तुमच्या बायकोला किंवा मुलाला लिनक्स येत नाही असं धरूनच लिहा.

मागे एका श्रोत्या ताईंनी विचारलं होतं, की मला माझ्यामागे कुणी वाचायलाच नको असेल तर? तोही तुमचा हक्क आहे, ताई. मग सगळ्या प्रती कुलूपबंद ठेवा, पासवर्ड कुठेही लिहू नका, आणि पाकिटात एवढंच लिहा, की या डिस्क पुसून टाकाव्यात, आत घराच्या कामाचं काही नाही. नाहीतर घरची माणसं त्या बंद डिस्क वर्षानुवर्षं जपत बसतील. फक्त वीजबिलं आणि विम्याचे कागद त्याच डिस्कवर ठेवले असतील, तर ते आधी बाहेर काढा.