नॅसॉ काउंटी : एका किनारी उपनगराचा भूगोल आणि इतिहास

महानगराच्या वेशीबाहेर वाढलेल्या वस्तीचा अभ्यास करताना दोन प्रकारच्या सीमा ध्यानात घ्याव्या लागतात. एक निसर्गाने आखलेल्या. दुसऱ्या माणसाने कायद्याने आखलेल्या. या दोहोंचा मेळ क्वचितच बसतो, आणि जेथे तो बसत नाही तेथे त्याची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागते. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील नॅसॉ काउंटी हे याचे बोलके उदाहरण होय. सुमारे २८५ चौरस मैल भूमी आणि २०२० च्या जनगणनेनुसार १३,९५,७७४ लोक असा तिचा पसारा आहे. म्हणजे दर चौरस मैलास जवळजवळ ४,९०० माणसे. इतकी दाट वस्ती असूनही तिच्यात मोठे असे एकही शहर नाही. हे कसे घडले आणि त्यातून कोणते प्रश्न उभे राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. भूरचना

लाँग आयलंड हे बेट न्यूयॉर्क शहरापासून पूर्वेकडे अटलांटिक महासागरात लांबवर गेलेले आहे. त्याच्या पश्चिम टोकाला ब्रुकलिन व क्वीन्स हे शहराचे विभाग आहेत, पूर्वेला सफोक काउंटी आहे, आणि मध्ये उत्तर किनाऱ्यापासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत नॅसॉचा पट्टा पसरलेला आहे. बेटाचा आजचा आकार मुख्यतः हिमयुगाने घडविला. उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमस्तराने आपल्या कडेशी दगड, वाळू व माती यांचे ढीग टाकले. या अंत्य हिमोढांच्या टेकड्या आजही नॅसॉच्या उत्तर भागात स्पष्ट दिसतात. तेथील किनारा दंतुर आहे. मॅनहॅसेट बे, हेम्पस्टेड हार्बर, ऑयस्टर बे अशी खोल बंदरे आणि त्यांच्यामध्ये समुद्रात शिरलेली भूशिरे यांनी तो बनलेला आहे.

टेकड्यांच्या दक्षिणेस वितळत्या हिमाच्या पाण्याने वाहून आणलेल्या वाळूचे व गोट्यांचे सपाट मैदान आहे. त्याचा उतार इतका मंद आहे की तो डोळ्यांना जाणवत नाही. याच मैदानाच्या मध्यभागी 'हेम्पस्टेड प्लेन्स' या नावाचे काही दशसहस्र एकरांचे नैसर्गिक गवताळ कुरण होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, जेथे बहुतेक सर्वत्र अरण्य होते, असे वृक्षहीन कुरण ही अपूर्वाईच होती. मैदान दक्षिणेस समुद्राला मिळते तेथे खाऱ्या दलदली, उथळ खाड्या आणि त्यांच्यापुढे लाँग बीच व जोन्स बीच यांसारखी वाळूची रोधक बेटे आहेत. उत्तर किनारा उंच व बंदरांचा, दक्षिण किनारा सखल व वाळूचा, असा हा भेद पुढील सामाजिक इतिहासातही उमटलेला आढळतो.

२. वसाहत आणि सामाईक कुरण

येथील मूळ रहिवासी अल्गाँक्वियन कुलातील भाषा बोलणारे होते. मॅसापीक्वा, मेरिक, मॅटिनेकॉक ही स्थलनामे त्यांचीच स्मृती होय. सतराव्या शतकात या भूमीवर डच व इंग्रज अशा दोन सत्तांची सरहद्द येऊन ठेपली. १६४४ साली कनेक्टिकटमधील स्टॅमफर्डहून आलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी हेम्पस्टेड वसविले; परंतु त्यासाठी सनद घेतली ती डच गव्हर्नर कीफ्ट याजकडून. १६५० च्या हार्टफर्ड तहाने ऑयस्टर बेच्या आसपास दोन्ही सत्तांमधील सीमा ठरविण्यात आली. १६६४ साली इंग्रजांनी डच वसाहतच हस्तगत केल्यावर हा वाद मिटला. १६८३ मध्ये काउंट्यांची रचना झाली तेव्हा हा प्रदेश क्वीन्स काउंटीत मोडला. पुढे स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूचा दक्षिण भाग आणि क्रांतीच्या बाजूचा उत्तर भाग यांत फूट पडून १७८४ साली नॉर्थ हेम्पस्टेड हे वेगळे टाउन झाले.

हेम्पस्टेड प्लेन्सचे कुरण दोन शतकांहून अधिक काळ सामाईक मालकीचे होते. गावकऱ्यांची गुरे व मेंढ्या तेथे चरत. १६६५ साली गव्हर्नर निकल्स याने याच मैदानावर घोड्यांच्या शर्यतींसाठी मार्ग आखविला. १८६९ साली मात्र हेम्पस्टेडच्या नागरिकांनी या सामाईक भूमीपैकी सात हजारांहून अधिक एकर न्यूयॉर्कचा धनाढ्य व्यापारी ए. टी. स्ट्यूअर्ट यास एकरी ५५ डॉलर दराने विकली. तेथे त्याने गार्डन सिटी हे आखीव गाव उभारले. सामाईक भूमी खाजगी मालकीत जाणे व तिच्यावर योजनापूर्वक वस्ती वसविणे, ही क्रिया नॅसॉच्या इतिहासात पुढे अनेकदा घडली. तिचा आरंभ येथे झाला, असे म्हणावयास हरकत नाही. मूळ कुरणाचे आज थोडेसेच अवशेष उरलेले आहेत.

३. काउंटीची निर्मिती

नॅसॉ काउंटीचा जन्म एका उरलेल्या भागातून झाला. १ जानेवारी १८९८ रोजी मॅनहॅटन, ब्रुकलिन इत्यादी भाग एकत्र करून बृहत् न्यूयॉर्क शहर स्थापन झाले. त्यात क्वीन्स काउंटीचा पश्चिम भाग समाविष्ट केला गेला. पूर्वेकडील ऑयस्टर बे, नॉर्थ हेम्पस्टेड व हेम्पस्टेडचा बहुतेक भाग बाहेर राहिला. अर्धी शहरात व अर्धी शहराबाहेर अशी ही काउंटी चालणे कठीण होते. म्हणून १ जानेवारी १८९९ पासून बाहेरील तीन टाउनांची वेगळी काउंटी करण्यात आली. मिनिओला हे तिचे मुख्य ठाणे ठरले. १६९३ साली वसाहतीच्या विधिमंडळाने विल्यम राजाच्या ऑरेंज-नॅसॉ घराण्यावरून लाँग आयलंडला 'नॅसॉचे बेट' असे नाव दिले होते. ते नाव रूढ झाले नाही, पण दोनशे वर्षांनी नव्या काउंटीस ते उपयोगी पडले.

काउंटी हा आपल्या जिल्ह्यासारखा विभाग असला तरी एक भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे. जिल्ह्याची सत्ता वरून खाली येते. येथे टाउने आधीची आणि काउंटी नंतरची. तीन टाउनांखेरीज ग्लेन कोव्ह व लाँग बीच ही दोन छोटी शहरे आणि स्वतःची नगरसंस्था असलेली ६४ गावे हिच्यात आहेत. शिवाय शाळा, पाणी, अग्निशमन, कचरा यांसाठी वेगवेगळे कर बसविणारे विभाग आहेत ते निराळेच.

४. रेल्वे, मोटार आणि उपनगर

लाँग आयलंड रेल्वेची सनद १८३४ सालची असून १८३७ मध्ये ती हिक्सव्हिलपर्यंत पोहोचली. तिचा मूळ हेतू न्यूयॉर्कहून बॉस्टनकडे जाणारा मार्ग साधण्याचा होता. वाटेतील शेतवाडीची सेवा हा नव्हे. १९१० साली ईस्ट नदीखालील बोगदे व पेनसिल्व्हेनिया स्थानक खुले झाल्यावर नॅसॉमधून मॅनहॅटनमध्ये गाडी न बदलता जाणे शक्य झाले. १९०० साली अवघी ५५,४४८ असलेली लोकसंख्या १९३० साली ३,०३,०५३ झाली, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

याच काळात उत्तर किनाऱ्यावरील टेकड्यांवर धनिकांचे प्रशस्त वाडे उभे राहिले, आणि मध्य मैदानाचा सपाटपणा विमानविद्येस उपयोगी पडला. २० मे १९२७ रोजी लिंडबर्ग याने पॅरिसकडे उड्डाण केले ते येथील रूझवेल्ट फील्डवरून. दक्षिणेस रॉबर्ट मोझेस याच्या पुढाकाराने रोधक बेटावर जोन्स बीच हे सार्वजनिक उद्यान १९२९ साली खुले झाले, व तेथवर पोहोचण्यासाठी खास मोटाररस्ते बांधले गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर खरा कायापालट झाला. १९४७ साली लेव्हिट बांधकामसंस्थेने बटाट्याच्या शेतांवर परत आलेल्या सैनिकांसाठी एकसारखी घरे बांधण्यास आरंभ केला. बटाट्यावर सूत्रकृमींचा रोग पडल्याने शेतकरी जमीन विकण्यास तयार होतेच. घरबांधणीची कामे छोट्या छोट्या टप्प्यांत विभागून प्रत्येक टोळीने एकच काम घरोघर करीत जावयाचे, ही कारखान्याची पद्धत येथे शेतात आणली गेली. १९५१ पर्यंत लेव्हिटटाउनमध्ये १७,४४७ घरे उभी राहिली. काउंटीची लोकसंख्या १९५० मधील ६,७२,७६५ वरून १९६० मध्ये १३,००,१७१ झाली. म्हणजे एका दशकात ती जवळजवळ दुप्पट झाली. रूझवेल्ट फील्डचा विमानतळ १९५१ साली बंद झाला व त्याच जागी १९५६ साली खरेदीकेंद्र उघडले, ही एकच गोष्ट त्या दशकाचे स्वरूप सांगण्यास पुरेशी आहे.

या वाढीची दुसरी बाजू नोंदविल्यावाचून इतिहास पुरा होत नाही. लेव्हिटटाउनच्या आरंभीच्या करारपत्रांत गौरवर्णीयांखेरीज इतरांस घरात राहू न देण्याचे कलम होते, आणि कर्जांची हमी देणारे संघशासनाचे गृहनिर्माणधोरणही अशा भेदास अनुकूल होते. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे करार न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला. १९६८ च्या कायद्याने घरांच्या बाबतीत भेदभाव करण्यास मनाई केली. तथापि तोवर वस्त्यांची घडी बसून गेली होती. शाळांचे पन्नासहून अधिक विभाग असल्याने आणि त्यांचा खर्च मुख्यतः स्थानिक मालमत्ताकरावर चालत असल्याने, कोठे घर मिळाले यावर मुलाला कोणती शाळा मिळेल हे ठरू लागले. कायदा बदलला तरी सीमा बदलल्या नाहीत. अलीकडच्या दशकांत मात्र लोकसंख्येचे स्वरूप पालटत आहे. हिक्सव्हिलमध्ये भारतीयांची मोठी वस्ती झाली आहे.

५. भूमीखालचे पाणी

न्यूयॉर्क शहराला दूरच्या डोंगराळ भागातील जलाशयांतून पाणी मिळते. नॅसॉला ते पायाखालूनच घ्यावे लागते. हिमानी वाळूचा वरचा थर, त्याखाली क्रिटेशस काळातील मॅगोथी थर आणि सर्वांत खाली मातीच्या जाड थराने झाकलेला लॉइड थर, असे तीन प्रमुख जलधारक स्तर आहेत. वर्षाला सुमारे ४५ इंच पाऊस पडतो व त्यातील साधारण निम्मे पाणी जमिनीत मुरते. दुसरा स्रोत नसल्यामुळे १९७८ साली संघशासनाच्या पर्यावरणखात्याने या स्तरांना 'एकमेव जलस्रोत' म्हणून घोषित केले.

उपनगराने या व्यवस्थेवर तीन प्रकारे आघात केला. पहिला, रस्ते व छपरे यांनी पाणी मुरण्याची जागा व्यापली. त्यावर उपाय म्हणून १९३० नंतरच्या दशकापासून पावसाचे पाणी साठवून मुरविणारे शेकडो खड्डे खोदण्यात आले, आणि तो बऱ्याच अंशी यशस्वी ठरला. दुसरा, घरोघरच्या शोषखड्ड्यांतून नायट्रेट भूजलात उतरू लागले. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भुयारी गटारे घातली गेली. परंतु येथे एक विपरीत परिणाम झाला. पूर्वी शोषखड्ड्यांतून जमिनीतच परत जाणारे पाणी आता समुद्राकडे जाऊ लागले. भूजलाची पातळी खालावली, आणि भूजलावरच जगणारे दक्षिणेचे ओढे क्षीण झाले. एका दोषाच्या निवारणातून दुसरा दोष निर्माण होतो, तो असा. तिसरा आघात उद्योगांचा. बेथपेज येथील ग्रमन कारखान्यात चंद्रावर उतरणारे अपोलो यान तयार झाले. त्याच परिसरातून झिरपलेल्या रासायनिक द्रावकांनी भूजलाचा अनेक मैलांचा पट्टा दूषित केला. त्याच्या शुद्धीकरणाची विस्तृत योजना राज्यशासनाने २०१९ साली निश्चित केली.

दक्षिण किनाऱ्यावर खारे पाणी आत सरकण्याचा धोका आहे. लाँग बीचचे लोक लॉइड स्तरावर अवलंबून असल्याने १९८६ च्या राज्यकायद्याने त्या स्तरात इतरत्र नव्या विहिरी घेण्यावर कडक निर्बंध घातले. तरीही पाणीपुरवठा चाळीसहून अधिक वेगवेगळ्या संस्थांच्या हाती आहे. जलधारक स्तर एक आणि त्यातून उपसा करणारे अनेक, हा पेच अद्याप सुटलेला नाही.

६. सत्तेची वाटणी

काउंटीचे शासन दीर्घकाळ टाउनांच्या व शहरांच्या प्रतिनिधींच्या मंडळाकडे होते. १९३८ पासून अंमलात आलेल्या सनदेने निर्वाचित कार्यकारी प्रमुखाचे पद निर्माण केले, पण मंडळ कायम राहिले. लोकसंख्येच्या मानाने कमीअधिक वजनाची मते प्रतिनिधींना दिलेली होती. १९६४ साली हेम्पस्टेडच्या दोन प्रतिनिधींना प्रत्येकी ३१, ऑयस्टर बेला २८, नॉर्थ हेम्पस्टेडला २१ आणि दोन्ही शहरांना प्रत्येकी २ मते होती. एकूण मते ११५. बहुमतास ५८ लागत.

वाचकांनी येथे क्षणभर गणित करून पाहावे. ३१, ३१ व २८ यांपैकी कोणतेही दोन एकत्र आले की ५८ ची मर्यादा ओलांडली जाते. उलट त्यांपैकी एकच प्रतिनिधी घेऊन त्याला उरलेल्या सर्वांची मते जोडली तरी बेरीज ५६ च्या पुढे जात नाही. तेव्हा नॉर्थ हेम्पस्टेडची २१ मते कोणत्याही ठरावाचा निकाल बदलू शकत नव्हती. १९६० च्या गणनेप्रमाणे तेथे २,१९,०८८ लोक राहत होते. त्यांचा प्रतिनिधी सभेत बसे, हात वर करी, आणि त्याने काहीही होत नसे. जॉन बान्झाफ या विधिज्ञाने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा दोष उघड केला. मतांची संख्या व मतांची शक्ती या भिन्न गोष्टी आहेत, हा त्याचा सिद्धांत आज राज्यशास्त्रात त्याच्याच नावाने ओळखला जातो. मतांच्या वाटपात फेरफार होत राहिले. अखेर १९९३ साली संघन्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली आणि १९९६ पासून १९ सदस्यांचे विधिमंडळ अस्तित्वात आले.

७. उपसंहार

२९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळाने दक्षिण किनारा बुडविला. लाँग बीचमध्ये घराघरांत समुद्र शिरला आणि बे पार्क येथील मलजलशुद्धीकरणकेंद्र बंद पडून घाण पाणी बाहेर वाहिले. समुद्राच्या लाटेने कोणत्या टाउनची किंवा गावाची हद्द कोठे संपते हे विचारले नाही. त्यानंतर त्या केंद्राचे शुद्ध केलेले पाणी उथळ खाडीत न सोडता सीडर क्रीक येथील नळावाटे खोल समुद्रात नेण्याची योजना हाती घेण्यात आली. त्यासाठी सनराइज हायवेखालील एक जुनी, वापरात नसलेली जलवाहिनी उपयोगात आणावयाचे ठरले.

ही वाहिनी कोणाची, हे पाहणे उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रुकलिन शहराची तहान भागविण्यासाठी नॅसॉच्या दक्षिणेतील ओढ्यांचे पाणी पश्चिमेकडे नेले जात असे. त्या व्यवस्थेचा ती एक भाग होती. पुढे ते पाणी अपुरे पडू लागले, आणि ब्रुकलिनने न्यूयॉर्कमध्ये विलीन होण्यास मान्यता देण्यामागे पाण्याची चिंता हे एक कारण होते. त्याच विलीनीकरणातून उरलेल्या भूमीची नॅसॉ काउंटी झाली. म्हणजे काउंटी जन्मण्यापूर्वीच तिच्या पाण्याचा निर्णय तिच्याबाहेर झालेला होता. आज तिच्या पाण्याचा निर्णय तिच्यातच होतो. परंतु तो चाळीसहून अधिक ठिकाणी होतो. उपनगरांच्या अभ्यासकाने लोकसंख्येचे आकडे जमविण्यापूर्वी भूमीखालचे स्तर आणि भूमीवरच्या हद्दी या दोन्ही एकाच नकाशावर काढून पाहाव्यात, एवढी सूचना नॅसॉच्या या वृत्तांतावरून करावीशी वाटते.