घोळक्याला बंदी असलेला देश

ब्रिटनचा रस्त्यावरचा राष्ट्रीय सायकलविजेता पुढे वर्षभर पांढऱ्या रंगावर लाल-निळे पट्टे असलेली जर्सी घालून शर्यतींत उतरतो. या जर्सीमागची भांडणे मला खुद्द विजेत्यांच्या यादीपेक्षा मोलाची वाटतात. इटलीत असे अजिंक्यपद १९०६ पासून आहे. ब्रिटनमध्ये मात्र वाहत्या रस्त्यावर सगळ्यांनी एकदम सुटायचे, ही गोष्टच जवळजवळ अर्धशतक निषिद्ध होती. आणि ही बंदी घातली होती सायकलवाल्यांच्याच संघटनेने, नॅशनल सायकलिस्ट्स युनियनने.

त्यामागे भीती होती. १८९० च्या दशकात सायकलींचा जथा पाहून घोडे बुजत आणि पोलीस मागे लागत. उद्या सायकलवरच बंदी आली तर काय, म्हणून युनियनने शर्यतींवर पाणी सोडले. त्यातून एफ. टी. बिडलेक यांनी टाइम ट्रायलची वाट काढली. एकेकाला काही अंतराने सोडायचे आणि घड्याळ लावून वेळ मोजायचा. शर्यत भल्या पहाटे व्हायची. स्वार गळ्यापासून घोट्यापर्यंत काळ्या कपड्यांत असायचे, म्हणजे कुणाच्या डोळ्यांत यायला नको. मार्गांची नावेसुद्धा सांकेतिक असत.

टाइम ट्रायल ही कसोटी कडक खरीच, पण घोळक्यातली शर्यत हा खेळच वेगळा. पुढचा हवा कापतो आणि त्याच्या मागे चिकटलेल्याची बरीच ताकद वाचते. मग पुढे कोणी राहायचे, कधी सटकायचे, कोणाच्या मागे लपायचे, यातच अर्धी शर्यत असते. ब्रिटिश स्वारांना हे शिकायला बंदिस्त मार्ग किंवा आइल ऑफ मॅनसारखे बेटच काय ते उरले होते.

वुल्व्हरहॅम्प्टनचे पर्सी स्टॅलर्ड जागतिक स्पर्धेत उतरून आले होते, त्यामुळे त्यांना हा फरक ठाऊक होता. महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेले, रस्ते ओस पडले. आता तरी परवानगी द्या, असे त्यांनी युनियनला कळवले. नकार आला. त्यांनी तो जुमानला नाही. ७ जून १९४२ रोजी वेल्समधल्या लँगोलेनहून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत, सुमारे ९५ किलोमीटरची शर्यत त्यांनी लावली. पोलिसांनी अडवणे सोडाच, उलट मदत केली. जमलेला पैसा सैनिकांच्या निधीला गेला. वुल्व्हरहॅम्प्टनचाच अल्बर्ट प्राइस जिंकला.

युनियनने आयोजकांवर आणि स्वारांवर बंदी घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंडखोरांनी ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायकलिस्ट्स ही आपली संघटना उभी केली आणि पुढच्याच वर्षापासून स्वतःचे राष्ट्रीय अजिंक्यपद भरवले. पुढे युनियनलाही रस्त्यावर यावे लागले. एकाच देशात दोन संघटना, दोन अजिंक्यपदे आणि एकाच क्लबात बोलणे बंद झालेले मित्र, असे ते दिवस होते. १९५९ मध्ये दोघींचे विलीनीकरण होऊन ब्रिटिश सायकलिंग फेडरेशन झाले. स्टॅलर्डना तो विश्वासघात वाटला आणि त्यांनी तो अखेरपर्यंत माफ केला नाही. माणूस हेकट होता, हे खरे. पण मवाळ माणसाने १९४२ ची शर्यत लावलीच नसती.

त्याच १९५९ साली महिलांचे विजेतेपद यॉर्कशरच्या बेरिल बर्टन यांनी पहिल्यांदा घेतले. त्या रेवाचिनीच्या शेतात राबायच्या आणि उरलेल्या वेळात सायकल चालवायच्या. टाइम ट्रायलच्या तर त्या सम्राज्ञीच. तरी १९७४ पर्यंत त्यांनी रस्त्यावरचे राष्ट्रीय विजेतेपदही बारा वेळा जिंकले. १९७६ ला शेवटच्या धावेत त्यांना त्यांच्याच मुलीने, डेनिसने, मागे टाकले. पारितोषिकाच्या वेळी आईने लेकीशी हात मिळवला नाही. सुटून पुढे निघालेल्या टोळीत डेनिसने आपल्या वाटणीची हवा अंगावर घेतली नाही, ही त्यांची तक्रार होती. ही तक्रार फक्त घोळक्याच्या शर्यतीतच होऊ शकते, आणि मला त्यात आईचा राग कमी, जातिवंत शर्यतपटूचा जास्त दिसतो.

वेल्सच्या निकोल कुकने १९९९ मध्ये सोळाव्या वर्षी हे पद पटकावले आणि पुढे एकूण दहा वेळा जिंकले. बर्टनच्या बारापर्यंत मात्र तीही पोचली नाही.