लाल दिव्याला काय ठाऊक असतं?

टीपी४०५६ हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, पण सेल चार्ज करणारी ही चिप किंवा तिची भावंडं अनेक घरांत गुपचूप काम करत असतात. छोटे टॉर्च, खेळण्यातल्या गाड्या, हौशी मंडळींनी घरी बनवलेली यंत्रं, सगळीकडे. चिप चीनमधल्या नानजिंगची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तिचा तयार बोर्ड सुटा मिळतो. आकार अंगठ्याएवढा, एका टोकाला यूएसबीचं तोंड आणि कडेला दोन चिमुकले दिवे. लाल लागला की चार्जिंग चालू, निळा लागला की झालं.

पण ‘झालं’ हे त्या दिव्याला कळतं कसं? सेल सीलबंद असतो, आत किती भरलंय हे डोकावून पाहायची सोय नाही. चिपच्या हाती फक्त दोन तारा.

लिथियम-आयन सेलची नेहमीची कमाल मर्यादा ४.२ व्होल्ट. त्यामुळे सोपा उपाय सुचतो: व्होल्टेज मोजा, ४.२ झालं की दिवा बदला. असा दिवा पहिल्याच दिवशी थापा मारू लागेल. कारण सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. तो ०.१ ओहम धरला आणि आत १ अँपिअर करंट जात असला, तर टोकांवर ०.१ व्होल्टचा फुगवटा दिसतो. आत ४.१, बाहेर ४.२. दिवा म्हणणार ‘भरलं’. चार्जिंग थांबलं की फुगवटा उतरणार, दिवा म्हणणार ‘नाही भरलं’, आणि चार्जिंग पुन्हा सुरू. हे लुकलुकणं थांबायचं नाव घेणार नाही.

म्हणून चिप वेगळ्या वाटेने जाते. आधी ४.२ व्होल्ट गाठेपर्यंत ठरावीक करंट. मग व्होल्टेज तिथेच रोखून धरायचं आणि सेल घेईल तेवढाच करंट द्यायचा. हंडा काठाशी आला की आपण नळ बारीक करतो, तसंच. फरक इतकाच की इथे हंडाच नळ बारीक करतो. १ अँपिअरचा करंट ओसरत ओसरत एक दशांशावर, म्हणजे १०० मिलिअँपिअरवर आला की चिप म्हणते, पुरे. म्हणजे सेल किती भरलाय हे ती मोजतच नाही. सेलची भूक किती उरली आहे, यावरून ती अंदाज बांधते.

आणि ही भूक मोजण्याची तऱ्हा तर बघत राहावी अशी आहे. बोर्डवर भिंग धरलं की तिळाएवढा एक काळा रोध दिसतो, त्यावर १२२ हा आकडा. अर्थ असा, की १२ वर दोन शून्यं: १२०० ओहम. सेलकडे जाणाऱ्या करंटची सुमारे १२०० पट लहान नक्कल चिप आतल्या आत तयार करते आणि ती या रोधातून सोडते. करंट पूर्ण १ अँपिअर असताना रोधावर बरोबर १ व्होल्ट पडतो. १०० मिलिअँपिअर उरला की ०.१ व्होल्ट. किती करंट द्यायचा हे ठरवणारा रोध तोच, आणि किती जातोय हे सांगणाराही तोच! तो बदलून १० हजार ओहमचा लावला, तर करंट सुमारे १३० मिलिअँपिअरवर येतो आणि ‘पुरे’ म्हणण्याची पातळीही आपोआप त्याच्या दशांशावर उतरते. छोट्या सेलसाठी हा बदल करायलाच हवा. २०० मिलिअँपिअर-तासांच्या इवल्याशा सेलमध्ये १ अँपिअर कोंबणं म्हणजे आगीशी खेळ.

मघाचं लुकलुकणंही चिपने मिटवलेलं आहे. एकदा थांबली की व्होल्टेज ४.०५ च्या खाली गेल्याशिवाय ती पुन्हा चार्जिंग सुरू करत नाही. थांबायची रेघ वेगळी, सुरू करायची वेगळी, मधे दीडशे मिलिव्होल्टचं मोकळं रान. विश्वासू दिव्याचं सगळं मर्म माझ्या मते या रानात आहे.

दिव्यांना वीज सेलकडून मिळत नाही, यूएसबीच्या ५ व्होल्टकडून मिळते. चिपची पिन फक्त ग्राउंडकडची वाट उघडते किंवा मिटते. ही जोडणी मुद्दाम केलेली आहे. नुसत्या २ मिलिअँपिअरवर जळणारा दिवा सेलवर टांगला असता, तर त्याने दिवसाला ४८ मिलिअँपिअर-तास खाल्ले असते, आणि २००० चा सेल कपाटात पडल्या पडल्या दीड महिन्याच्या आत रिकामा झाला असता. (त्या निळ्या दिव्यामागे थोर इतिहास आहे: निळा एलईडी घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. रात्री उशाशी तो डोळ्यांत घुसतो, ती तक्रार वेगळी.)

इतकं करूनही हा दिवा चकतो. चार्जिंग चालू असतानाच सेलच्या टोकांवरून एखादं यंत्र चालवा. यंत्र १५० मिलिअँपिअर ओढत असेल, तर सेल तुडुंब भरला तरी चिपला करंट जाताना दिसतच राहतो. कोण पितोय, हे तिला कळत नाही. दिवा लालच राहतो आणि सेल तासन् तास ४.२ व्होल्टवर ताणलेला राहून लवकर म्हातारा होतो. उलट, सेल न जोडता नुसती यूएसबीची वायर लावा: निळा लागतो आणि लाल अधूनमधून चमकतो. चिप बोर्डवरचा छोटा कपॅसिटर भरते, ‘झालं’ म्हणते, तो गळला की पुन्हा भरते. नसलेल्या सेलचंही चार्जिंग पूर्ण!

दोन्ही दिवे बंद असले तर अर्थ आणखी संदिग्ध. वीज आली नसेल, कमी आली असेल, किंवा सेलचं तापमान मर्यादेबाहेर गेलं असेल. स्वतः सर्किट बनवणाऱ्याने ‘वीज आहे’ एवढंच सांगणारा तिसरा दिवा लावावा, आणि यंत्र चालू ठेवूनच चार्ज करायचं असेल तर यंत्राला वीज द्यायची वाट सेलपासून वेगळी काढावी. खर्च दोन-चार सुट्या भागांचा.

तापमानाबद्दल मात्र जास्त सावध राहा. चिपला त्यासाठी वेगळी पिन आहे, पण स्वस्त बोर्डवर ती सहसा थेट ग्राउंडला जोडून तपासणी बंद केलेली असते. सेल हाताला गरम लागला, तर दिवा लाल असो की निळा, आधी वायर काढा.